धक्का कोठे थांबावा?

मे महिन्यातील एका रविवारी सायंकाळी नातू मैदानावरून परतला, तो मोडका ट्रक हातात घेऊन. ट्रक खेळण्यातलाच, परंतु जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यांच्या जातीचा नव्हे. खऱ्या वाहनाच्या एकदशांश मापाचा, सुमारे सव्वादोन किलो वजनाचा, बॅटरीवर धावणारा आणि हातातील यंत्राच्या रेडिओलहरींनी चालणारा. त्याला खऱ्यासारखे स्प्रिंग, तेल भरलेले शॉकअब्सॉर्बर आणि मागील दोन चाकांमध्ये शक्ती वाटून देणारे डिफरन्शियलही होते. त्या दिवशी मात्र त्याचे मागचे उजवे चाक लुळे पडून लोंबत होते. डिफरन्शियलकडून चाकाकडे शक्ती नेणारा, बोटाएवढा प्लास्टिकचा ड्राइव्ह शाफ्ट सांध्यापाशी तुटला होता. सुट्टी लागल्यापासून ही तिसरी वेळ.

"दादाजी, हे बघा ना," म्हणून त्याने तो तुकडा बाबूजींच्या हाती ठेवला. बाबूजी नुकतेच सामायिक आटोपून उठले होते. त्यांनी चष्मा पुसला, तुकडा दिव्याखाली धरला, अंगठ्याने सांधा फिरवून पाहिला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. "अरे, हा तर क्रॉस!"

बाबूजींचे सारे आयुष्य पुण्याच्या नाना पेठेत मोटारींचे सुटे भाग विकण्यात गेले. ते प्रथम पेढीवर बसले तेव्हा रस्त्यावर अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी धावत. इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, अशी त्या गाड्यांची रचना. ती शक्ती नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकांचे क्रॉस हा पेढीचा हक्काचा खप. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. तिची शक्ती पुढच्या चाकांना असल्याने रबरी टोपीतले, ग्रीसने भरलेले सीव्ही जॉइंट फळीवर आले. १९८६ मध्ये टाटा ४०७ आला आणि क्रॉसची मागणी पुन्हा वाढली. खोक्यावरील क्रमांक न वाचता, क्रॉस तळहातावर तोलून तो कोणत्या गाडीचा आहे हे सांगणारे म्हणून बाबूजी पेठेत ओळखले जात.

परंतु गेली दोन वर्षे ते पेढीवर जात नव्हते. चिरंजीवांनी शहराबाहेर मोठे गोदाम घेतले, माल वाढवला आणि बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेतली. वाढीव कर्जाला केवळ मालाचे तारण पुरेना, म्हणून राहते घर जादा तारण देण्याचे ठरले. घर बाबूजींच्या नावावर होते. कागद समोर आले तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून पेढीची पायरी चढणे सोडले. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. झाले असते तर कदाचित बरे झाले असते. पिता-पुत्रांमधील निरोप तेव्हापासून दादीजींच्या मार्फत जाऊ येऊ लागले. "त्याला सांग, विम्याचा हप्ता आला आहे." "बाबूजींना विचार, डॉक्टरांकडे कधी जायचे?" एकाच ताटाळ्यातील ताटे घेऊन दोघे एकाच पंगतीला बसत आणि मधल्या जागेवरून दादीजी शब्द इकडचे तिकडे करीत.

अशा घरात तो तुटलेला शाफ्ट आला.

बाबूजींनी प्रथम दोष शोधला तो प्लास्टिकमध्ये नव्हे, जोडणीत. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एका पोकळ नळीत दुसरा खाचदार दांडा सरकतो, कारण चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले की डिफरन्शियल आणि चाक यांतील अंतर बदलते. दोन्ही टोकांना एकेक सांधा. नातवाने सुटे भाग जोडताना ते दोन तुकडे हाताला आले त्या कोनात एकमेकांत घातले होते. त्यामुळे एका टोकाचा काटा आडवा, तर दुसऱ्या टोकाचा उभा झाला होता.

"४०७ चा शाफ्ट उघडला की जोडताना बाणाला बाण जुळवायचा. नाहीतर सारी गाडी थरथरते. तुझा ट्रक थरथरत होता की नाही?"

नातू आश्चर्याने पाहू लागला. ट्रक वेगात असताना मागून एक बारीक गुरगुर येत असे, ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती.

बाबूजींनी शाफ्ट टेबलावर ठेवून, तो बोटांनी हळूहळू फिरवीत त्याचे कारण दाखवले. एका क्रॉसने जोडलेले दोन दांडे सरळ रेषेत असतील तर दोन्ही सारख्याच गतीने फिरतात. त्यांच्यात कोन आला की पहिला एकसारखा फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३० अंशांचा असेल तर दुसरा दांडा कधी सुमारे १५ टक्के वेगवान, तर कधी सुमारे १३ टक्के मंद होतो. या सांध्याला सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो यांचे नाव मिळाले आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुक यांनी त्याचा अभ्यास केला; पण हा स्वभावदोष कोणालाही काढून टाकता आला नाही. त्यावर उपाय एकच. दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा बसवायचा आणि दोन्ही काटे एका रेषेत ठेवायचे. मग पहिला सांधा जितके चुकतो, तितकेच दुसरा उलट चुकतो आणि चाकापर्यंत पोहोचेस्तोवर गती सम होते. काटे काटकोनात बसले तर मात्र चुकीत चूक मिळते आणि हिसका वाढतो.

नवा शाफ्ट काटे जुळवून बसवला. गुरगुर थांबली. नातवाच्या दृष्टीने दादाजी त्या दिवशी मोठे झाले.

आठ दिवसांनी शाफ्ट पुन्हा तुटला. या वेळी जोडणी निर्दोष होती. काट्याचा एक कान मुळापासून उखडला होता. चौकशीअंती कारण समजले. नातवाने दोन सेलच्या बॅटरीऐवजी तीन सेलची बॅटरी लावली होती. लिथियम पॉलिमरचा एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेलचे ७.४, तीनचे ११.१. मोटारीवर दर व्होल्टला ३५०० फेरे असा आकडा होता. म्हणजे भार नसताना मिनिटाला २५,९०० फेऱ्यांवरून मोटार थेट ३८,८५० वर गेली. प्लास्टिकच्या कानाने हा वाढीव पीळ कोठवर सोसावा?

"प्लास्टिकला काय विचारायचे? पोलाद घाल," बाबूजी म्हणाले. चाळीस वर्षे पोलाद विकलेल्या माणसाचा तो निकाल होता. त्यात शंकेला जागा नव्हती.

जेवताना चिरंजीवांनी दादीजींकडे पाहून म्हटले, "खेळण्याला इतके महाग भाग कशाला?" बाबूजींनीही दादीजींकडेच पाहून उत्तर दिले, "पैसे माझे आहेत म्हणावे."

परदेशी बनावटीचे पोलादी शाफ्ट मुंबईच्या एका विक्रेत्याकडून आले. प्लास्टिकच्या जोडीच्या मानाने किंमत कितीतरी पट. बाबूजींनी ते हातात घेतले आणि मन भरून आले, कारण कारागिरी खरोखरच सुरेख होती. यात सरकणारे दोन तुकडे नसतात. एकसंध, कडक केलेला पोलादी दांडा. चाकाकडील टोकाला नाजूक क्रॉसचा सांधा, त्यातून आरपार गेलेली पिन आणि ती निसटू नये म्हणून बिनडोक्याचा बारीक स्क्रू. आतल्या टोकाला गोळा आणि त्यातून आडवी गेलेली पिन. हा गोळा डिफरन्शियलमधून बाहेर आलेल्या खाचदार पेल्यात बसतो आणि चाक वरखाली होताना पेल्यातच आत-बाहेर सरकतो.

आजोबा आणि नातू यांनी सारी सायंकाळ ती जोडी बसवण्यात घालवली. स्क्रूचे आटे आधी तेलविरहित पुसून घ्यावे, मगच त्यांना आटे पक्के करणाऱ्या निळ्या द्रवाचा एक थेंब लावावा; तो द्रव प्लास्टिकला लागू देऊ नये, कारण काही जातींचे प्लास्टिक त्याने तडकते. चाकाच्या १२ मिलिमीटरच्या षट्कोनी कडीमागील पिन दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आहे ना, ते पाहावे. शेवटी सांध्यात ग्रीस, तेही वाटाण्याएवढेच, कारण अधिक लावले तर मुरमाची धूळ त्यालाच चिकटते आणि ग्रीसचा घासकागद होतो. ग्रीसचा डबा पाहून दादीजींनी दारातूनच विचारले, "यात चरबी नाही ना?" बाबूजींना हा प्रश्न गिऱ्हाइकांकडूनही सवयीचा होता. लिथियम ग्रीसमधील घट्टपणा ज्या साबणामुळे येतो, तो बहुधा एरंडेल तेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो, असे त्यांनी सांगितले. तरीही त्यांनी डब्यावरील मजकूर भिंगाखाली धरून वाचला आणि मगच बोट बुडवले.

तीन आठवडे ट्रक असा धावला की नातवाचे मित्र केवळ पाहण्यासाठी येऊ लागले. उडी, कोलांटी, भिंतीवरची धडक. शाफ्टना काही होईना. बाबूजी मुरमाच्या मोकळ्या जागेच्या कडेला दगडावर बसून पाहत आणि शेजाऱ्यांना सांगत, "पोलादाला पर्याय नाही."

पावसाळा तोंडावर आला असताना एका रविवारी ट्रक मातीच्या ढिगाऱ्यावरून उंच उडाला. हवेत असताना नातवाचे बोट वेगाच्या खटक्यावर तसेच दाबलेले होते. चाके हवेत भिरभिरत खाली आली आणि जमिनीला टेकताच ट्रकच्या पोटातून घर्र असा आवाज आला. मोटार फिरत होती, पण ट्रक हालेना. नातवाने पळत जाऊन आधी शाफ्ट पाहिले. दोन्ही जसेच्या तसे होते, त्यांच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

घरी येऊन डिफरन्शियलची पेटी उघडली. आतल्या घट्ट सिलिकॉन तेलात चमचमणारा चुरा तरंगत होता. पेठेत ज्यांना स्टार पिनियन म्हणतात, त्या छोट्या चाकांचे दात उडाले होते आणि त्यांनी शेजारच्या चाकांचेही दात खाल्ले होते. डाव्या बाजूचा पेला वाकला होता. आधी एक प्लास्टिकचा शाफ्ट तुटे आणि दहा मिनिटांत तो बदलता येई. आता सारा मागचा भाग मोकळा करावा लागला, आणि नव्या भागांची किंमत पोलादी जोडीच्या बरोबरीला गेली.

बाबूजी बराच वेळ त्या चुऱ्याकडे पाहत बसले. त्यांना एक जुना प्रसंग आठवत होता. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या रोटाव्हेटरला शक्ती देणाऱ्या शाफ्टवर पुष्कळदा एक साधा, मुद्दाम मऊ ठेवलेला बोल्ट असतो. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. पाते दगडात अडकले की तो बोल्ट कातरला जातो आणि बाकीचे यंत्र वाचते. एका शेतकऱ्याने, बोल्ट वारंवार तुटतो म्हणून, त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घातला होता. पुढच्या दगडाला त्याची गिअरपेटी फुटली. त्या शेतकऱ्याला बाबूजींनी याच तोंडाने सुनावले होते, "फ्यूजच्या जागी जाड तार घालून घर पेटवलेत, पाटील!" चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून लोकांना जे शहाणपण मालाबरोबर फुकट दिले, ते स्वतःच्या घरी उपयोगी पडायची वेळ आली तेव्हा आठवले नव्हते. पोलादाच्या अभिमानाने ते झाकून टाकले होते.

"दादाजी, माझ्यामुळे झाले का?" नातवाने घाबरत विचारले.

"नाही. चूक ट्रकची नाही आणि तुझीही नाही," बाबूजी म्हणाले. "चूक माझी. मी शाफ्टचे बळ वाढवले. पण तेथे थांबणारा धक्का पुढे कोठे जाईल, याचा विचार केला नाही."

चिरंजीव त्या वेळी पेढीवरून येऊन दारात चपला काढत होते. ते तेथेच थबकले. "चूक माझी" हे शब्द त्या घराने बाबूजींच्या तोंडून फारसे ऐकले नव्हते.

चातुर्मास सुरू झाला. मुरमावर हिरवळ उगवली, डबक्यांत पाणी साठले. ओल्या हिरव्या जमिनीवर ट्रक फिरवून जीवांची विराधना करायची नाही, हे घरात वेगळे सांगावे लागले नाही. ट्रक चार महिने टेबलावरच राहणार होता. बाबूजींनी ती सक्तीची विश्रांती अभ्यासाला लावली. जुन्या वहीचे कोरे पान काढून त्यांनी नातवाकडून गणित मांडून घेतले. तीन सेलच्या बॅटरीने चाकांची गती दीडपट होते. परंतु फिरत्या चाकात साठलेली ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे हवेत भिरभिरणारे चाक जमिनीला टेकून क्षणात थांबते, तेव्हा पूर्वीच्या सव्वादोन पट ऊर्जा कोणाच्या तरी अंगावर येते. पूर्वी ती प्लास्टिकच्या कानावर येत असे. आता ती थेट पेटीतल्या दातांवर आली.

"मग पुन्हा प्लास्टिकच घालायचे का?" नातवाने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर ट्रकमध्येच होते. मोटारीच्या दातेरी चाकाशी जुळणाऱ्या मोठ्या चाकाच्या पोटात घर्षणाच्या चकत्या, एक स्प्रिंग आणि एक नट असतो. ही स्लिपर क्लच. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पीळ आला की चकत्या क्षणभर घसरतात, धक्का उष्णतेत विरतो आणि दात वाचतात. नातवाच्या ट्रकमधील तो नट शेवटपर्यंत आवळलेला होता. वेग वाया जाऊ नये म्हणून त्यानेच तो आवळला होता. शाफ्ट प्लास्टिकचा असताना ही चूक लपून राहिली, कारण क्लच घसरली नाही तरी शाफ्ट तुटून तिचे काम करीत असे. पोलादाने ती उघडी पाडली.

नवे भाग आले. पेटी जुळवताना दातांमधील जागा जास्त वाटली. एक पातळ शिम घालणे आवश्यक होते. तशी शिम आणायची तर नाना पेठेतूनच. बाबूजींनी नेहमीप्रमाणे दादीजींना हाक मारली. दादीजी स्वयंपाकघरातून आल्या नाहीत. तेथूनच म्हणाल्या, "तुमचा मुलगा समोर बसला आहे. त्यालाच सांगा. दोन वर्षे मी तुम्हा दोघांच्या मध्ये फिरते आहे. आता माझेही दात झिजले."

कोणी हसले नाही. थोड्या वेळाने बाबूजींनी मुलाकडे पाहून शिमचे माप सांगितले. दुसऱ्या दिवशी चिरंजीव तीन जाडीच्या शिम घेऊन आले. ठेवून निघून न जाता टेबलाशी बसले आणि पेटी हातात घेऊन तिचा खेळ पाहू लागले. तेही त्याच पेढीवर वाढले होते. मधली जाडी बरोबर बसेल, हे त्यांच्या बोटांना लगेच कळले.

पेटी बंद झाल्यावर त्यांनी विचारले, "बाबूजी, प्लास्टिक तुटत होते तेव्हा नुकसान एका शाफ्टचे व्हायचे ना?"

"हो."

"पूर्वी आपली उधारी बुडाली तर नुकसान मालापुरते राहायचे." ते थोडे थांबले. "आता ते घरापर्यंत येईल. तुम्हाला हेच म्हणायचे होते का त्या दिवशी?"

बाबूजींनी हातातील चिंधी घडी करून ठेवली. "म्हणायचे होते. पण म्हटले कोठे? मी नुसती सही केली आणि घरी बसलो. पोलाद घालणे चूक नव्हते, तसे गोदाम घेणेही चूक नव्हते. घसरायला जागा ठेवली नाही, एवढेच. ती जागा दाखवणे माझे काम होते. त्याऐवजी मी रुसलो, आणि तो सारा धक्का तुझ्या आईने घेतला."

त्या रात्री आणखी काही बोलणे झाले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून निरोप थेट जाऊ लागले.

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपून कुटुंब स्थानकातून घरी आले. वडीलधाऱ्यांच्या पाया पडून क्षमा मागावी, ही रीत. चिरंजीव वाकण्यापूर्वीच बाबूजींनी हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." हे शब्द दरवर्षी उच्चारले जात, मागील दोन वर्षीही उच्चारले गेले होते. या वर्षी मात्र ते कोणत्या दोषासाठी आहेत, हे दोघांनाही ठाऊक होते. मग बाबूजी दादीजींकडे वळले आणि त्यांनाही हात जोडले. दादीजी म्हणाल्या, "पुरे. आता पारण्याचे बघू द्या."

दिवाळीपूर्वी कर्जाच्या वार्षिक नूतनीकरणाचे कागद आले. पिता-पुत्र ते घेऊन एकत्र बसले. न खपणारा जुना माल, त्यात अ‍ॅम्बॅसडरचे कितीतरी क्रॉस, सवलतीने काढून टाकायचा. आलेली रक्कम खात्यात भरून मर्यादा तितकी कमी करून घ्यायची. जादा तारण म्हणून गोदाम द्यावे आणि राहते घर सोडवावे, असा अर्ज बँकेकडे गेला. बँकेने गोदामाचे नव्याने मूल्यांकन मागितले आहे. घर अद्याप सुटलेले नाही. मर्यादा कमी झाल्याने घाऊक खरेदीतील एक चांगली संधी या हंगामात सोडावी लागली, आणि ती सोडताना चिरंजीवांना त्रास झाला, हेही खरे. क्लच घसरते तेव्हा थोडा वेग वाया जातोच.

कार्तिकी पौर्णिमेनंतर, जमीन वाळून मुरूम पुन्हा उघडा पडल्यावर, ट्रक मैदानावर गेला. नट आधी पूर्ण आवळून मग पाव-पाव फेरा सैल करीत आणला होता. जोराने वेग दिला की चकत्या क्षणभर चिरकत आणि मगच पकड घेत. त्या जागी नातवाने नटावर आणि चाकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. रेघ तुटली की नट हलला, हे कळावे म्हणून. वहीच्या पानावर नियम लिहिलेले होते. हवेत असताना खटक्यावरचे बोट उचलायचे. तीन सेलची बॅटरी फक्त सपाट जागेवर. उड्यांसाठी दोन सेल. दर फेरीनंतर क्लचच्या चाकाला बोट लावून पाहायचे. चटका बसला तर ती फार घसरते आहे, मुळीच कोमट झाली नाही तर फार आवळली आहे. महिन्यातून एकदा बारीक स्क्रू तपासायचे आणि जुने ग्रीस पुसून नवे लावायचे.

ढिगाऱ्यावरून ट्रक उडाला. नातवाचे बोट उचललेले होते. चाके टेकली, चकत्यांनी एकदा चिरक आवाज केला आणि ट्रक पुढे निघून गेला. पोलादी शाफ्ट जागेवर होते, पेटीही शाबूत होती. चिरंजीव त्या दिवशी पेढी मुनीमजींवर सोपवून आले होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले, पण उठले नाहीत.

बाबूजी आता गुरुवारी आणि शनिवारी दोन तास पेढीवर बसतात. गल्ल्याशेजारच्या खणात त्यांनी प्लास्टिकच्या शाफ्टचा तो कान उखडलेला तुकडा ठेवला आहे. एखादा गिऱ्हाईक येऊन म्हणतो, "शेठजी, हा भाग सारखा तुटतो, याहून बळकट द्या." बाबूजी बळकट भाग काढून देतात, धंदाच तो आहे. पण बिल करण्यापूर्वी ते खण उघडतात, तुकडा काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "हा तुटायचा थांबला, तर पुढे काय तुटेल?"